न बोलणाऱ्या चेहऱ्याची बाजू

ज्याँ-लुई त्रँतीन्याँ १७ जून २०२२ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी गेला. त्यानंतर आलेले मृत्युलेख हाताला लागतील तितके मी वाचले, आणि वाचता वाचता डोकं फिरत गेलं. सगळ्यांचा साचा एकच. 'अँड गॉड क्रिएटेड वुमन'मधला बार्दोचा बुजरा नवरा, 'अ मॅन अँड अ वुमन'मधला शर्यतीच्या गाड्या चालवणारा विधुर, 'झेड'मधला न्यायाधीश, 'द कन्फॉर्मिस्ट', आणि तिथून थेट उडी 'रेड' आणि 'आमूर'वर. मधल्या काळात त्याने काही व्यावसायिक चित्रपटही केले, एवढ्या एका ओळीत रोममधली थ्रिलर्स, बर्फातलं ते भीषण वेस्टर्न, रोब-ग्रियेचे चक्रावून टाकणारे खेळ, झाक दरेचे गुन्हेपट, सगळं निकालात काढलेलं. आपल्याकडे फिल्म सोसायटीच्या वर्तुळातही त्याची ओळख बहुधा याच क्रमाने करून दिली जाते. म्हातारा त्रँतीन्याँ सगळ्यांना पाठ आहे. चाळिशीचा कुणालाच नको आहे.

दुसरी चीड याच्या उलट बाजूची. गेल्या काही वर्षांत तेच वगळलेले चित्रपट स्वच्छ केलेल्या प्रतींमधून पुन्हा बघायला मिळू लागले. कल्ट सिनेमाच्या चाहत्यांनी ते डोक्यावर घेतले, याचा मला आनंदच व्हायला हवा होता. पण ही मंडळी बोलतात कशाबद्दल? रंगांबद्दल, मोरिकोनेच्या संगीताबद्दल, सुऱ्यांबद्दल, किन्स्कीच्या डोळ्यांबद्दल. या सगळ्याच्या मधोमध उभा असलेला नायक त्यांना थंड वाटतो, लाकडी वाटतो, पैशासाठी दिवस भरणारा वाटतो. एका गटाला चित्रपटांची लाज वाटते आणि दुसऱ्याला नटाचं काम दिसत नाही. दोघांनी मिळून युरोपीय थ्रिलरमधल्या सर्वांत मोठ्या नटाची १९६६ ते १९७५ ही दहा वर्षं बेवारशी टाकली आहेत. त्याचा अभिनय याच दहा वर्षांत, याच बदनाम चित्रपटांत पक्का झाला आणि 'कन्फॉर्मिस्ट'ही त्याच मुशीतून बाहेर पडला, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात आवाजापासून करायला हवी. त्रँतीन्याँ दक्षिण फ्रान्समधल्या पियोलँक गावचा. पॅरिसला येऊन शार्ल द्युलँ आणि तानिया बालाशोवा यांच्याकडे तो नाट्यशिक्षण घेऊ लागला, तेव्हा बुजरेपणा आणि गावाकडचे हेल या दोन्हींशी त्याला झगडावं लागलं. पुढे त्याच माणसाचा आवाज फ्रेंच रंगभूमीवरच्या अत्यंत देखण्या आवाजांपैकी एक गणला गेला. उतारवयात तो रंगमंचावर आपोलिनेर आणि प्रेव्हेर यांच्या कविता म्हणायचा, आणि लोक फक्त तो आवाज ऐकायला यायचे. आता याच नटाचं इटलीतलं काम बघा. त्या काळी इटालियन चित्रपटांचे संवाद मागाहून स्टुडिओत भरले जात. पडद्यावर ओठ त्रँतीन्याँचे, आवाज भलत्याच कुणाचा. 'इल सोर्पासो'मधल्या त्या भिडस्त विद्यार्थ्याला त्याचा स्वतःचा आवाज नाही. 'कन्फॉर्मिस्ट'च्या इटालियन प्रतीतल्या मार्चेल्लो क्लेरिचीलाही नाही. हातातलं सगळ्यात धारदार हत्यार काढून घेतल्यावर नटाने काय करायचं?

बहुतेकांनी त्या पोकळीत हातवारे भरले. त्या काळातले कुठलेही चार इटालियन पोलिसपट काढून बघा. भुवया, खांदे, बोटं, सगळे अवयव एकदम बोलत असतात. त्रँतीन्याँ उलट दिशेने गेला. दुसऱ्याचा आवाज आपल्या तोंडी बसणार असेल तर वाक्य म्हणतानाच्या चेहऱ्यावर फारसं काही ठेवायचंच नाही. जे ठेवायचं ते वाक्याच्या आधी आणि नंतर, समोरचा बोलत असताना. त्याचा अभिनय ऐकण्यात आहे. या काळातल्या त्याच्या कुठल्याही चांगल्या प्रसंगात बोलणाऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघा. मान किंचित खाली, नजर समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडावर, आणि ऐकलेलं आत कुठेतरी नोंदलं गेल्याची जेमतेम खूण.

या वाटेचं टोक म्हणजे सेर्जो कोर्बुच्चीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८). हा नायक मुकाच आहे. लहानपणी इनामासाठी माणसं मारणाऱ्यांनी त्याचा गळा चिरला, त्याच्या आईबापांना मारलं. युटाचा बर्फाळ मुलूख, १८९९ सालचं हिमवादळ, भुकेने डोंगरात पळालेली माणसं, त्यांच्या डोक्यांवर लावलेली इनामं, आणि ती इनामं गोळा करणारे कायदेशीर खाटीक. सायलेन्स या खाटकांना डिवचतो. त्यांनी आधी पिस्तूल काढलं की स्वसंरक्षण म्हणून त्यांना ठार करतो. शरण आले तर अंगठे उडवतो, म्हणजे पुन्हा चाप ओढता येणार नाही. ज्या कायद्याच्या आडून ते मारतात त्याच कायद्याच्या आडून हा मारतो. नायकाची ही बाजू कोर्बुच्चीने कुठेही मवाळ केलेली नाही, आणि त्रँतीन्याँने तर नाहीच.

या भूमिकेचा मोह काय असतो ते बघा. मुका नायक मिळाला की नट डोळ्यांनी 'बोलू' लागतो. पाणी तरारतं, नाकपुड्या फुलतात, दुःख, संताप, प्रेम एकेक करून चेहऱ्यावर मांडलं जातं. त्रँतीन्याँ यातलं काहीही करत नाही. नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला पोलीन त्याला पैसे देऊ करते (व्होनेटा मॅक्गीचं हे काम स्वतंत्र लेखाच्या तोलाचं आहे), तेव्हा तो तिच्याकडे असा बघतो की एखाद्या गवंड्याने भिंतीचा अंदाज घ्यावा. काम किती, वेळ किती, धोका किती. कीव नाही. त्यामुळेच पुढे त्या दोघांत जे घडतं ते खरं वाटतं, कारण नटाने त्याची आगाऊ जाहिरात केलेली नसते. सलूनमध्ये लोकोला डिवचण्याचा प्रसंग बघा. लोको, म्हणजे क्लाउस किन्स्की, खेळ ओळखतो. पिस्तूल काढायला नकार देतो आणि मुठींवर येतो. त्या क्षणी सायलेन्सचं एकमेव तंत्र निकामी होतं. दुसऱ्या कुठल्याही नटाने तिथे धक्का दाखवला असता. त्रँतीन्याँच्या चेहऱ्यावर फक्त एक विलंब येतो, हिशेब चुकलेल्या माणसाचा. मार खायला सुरुवात होण्याआधी त्याला कळलेलं असतं की हा माणूस आपल्याला मारणार आहे, आज नाही तर उद्या.

किन्स्कीबद्दल इथेच बोलून घेतो. या चित्रपटावर लिहिलेल्या दहा ओळींपैकी आठ त्याच्यावर असतात. माझं मत असं, की किन्स्कीने आयुष्यात जी मोजकी खरी कामं केली त्यांतलं हे एक, आणि त्याचं बरंचसं श्रेय समोरच्या माणसाला जातं. एरवी हा नट समोर कोण आहे याची फिकीर न करता स्वतःच्याच तापात असायचा. इथे तो चक्क सभ्य आहे, हळू बोलतो, हसतो, प्रेतांचा हिशेब एखाद्या कारकुनासारखा ठेवतो. कारण समोरच्या शांततेपुढे आरडाओरडा केला असता तर तो हास्यास्पद ठरला असता, हे त्याच्या नटाच्या नाकाला कळलं. 'किन्स्की विरुद्ध त्रँतीन्याँ' असा सामना लावून किन्स्कीला विजेता ठरवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं की खेळाचे नियम दुसऱ्याने घातले होते.

१९६८ हेच वर्ष, आणि याच नटाचा दुसरा चित्रपट अलँ रोब-ग्रियेचा 'द मॅन हू लाइज'. एकीकडे एकही शब्द न बोलणारा माणूस. दुसरीकडे जो थांबतच नाही, आणि ज्याचा एकही शब्द खरा नाही. चित्रीकरण स्लोव्हाकियात. सुरुवातीला तो सूट-टाय घालून जंगलातून धावतो आहे, मागे जर्मन सैनिक, गोळीबार. तो कोसळतो. मग उठतो, कपडे झटकतो आणि आपली गोष्ट सांगायला लागतो. गावात येऊन, प्रतिकार चळवळीतल्या बेपत्ता नायकाचा आपण साथीदार होतो असं म्हणतो. लगेच ती हकिकत बदलतो. मग पुन्हा बदलतो. नायकाच्या घरातल्या बायकांना प्रत्येक वेळी नवी कहाणी. खोटं बोलणारा माणूस रंगवायचा तर नट सहसा प्रेक्षकाला डोळा मारतो, मी खोटं बोलतोय हे तुला कळतंय ना, असं सुचवतो. त्रँतीन्याँ प्रत्येक नवं खोटं त्याच निष्ठेने बोलतो जिने आधीचं बोलला होता. बर्लिनच्या महोत्सवात त्याला याच कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. मुका आणि बोलघेवडा, दोन्ही एकाच पद्धतीने केलेले. आत काय आहे ते द्यायचं नाही, समोरच्याने काढून घ्यायला धडपडायचं. त्याआधीच्या 'ट्रान्स-युरोप-एक्स्प्रेस'मध्ये (१९६६) रोब-ग्रिये स्वतः रेल्वेच्या डब्यात बसून कथा रचतो आणि त्रँतीन्याँ त्या डब्यात शिरतो. डब्यातल्यांना हा चेहरा आपल्या कथेसाठी चालेल असं वाटतं आणि तो अमली पदार्थांची ने-आण करणारा एलियास होतो. कुणीही काहीही लिहावं असा कोरा चेहरा, ही त्याच्यावरची टीका रोब-ग्रियेने चित्रपटाची रचना करून टाकली.

जाल्लोंबद्दल, म्हणजे इटालियन खूनपटांबद्दल, थोडक्यात. टिंटो ब्रासचा लंडनमधला 'कोल कुओरे इन गोला' रंगीबेरंगी आहे, एवढंच. उंबेर्तो लेन्झीचा 'सो स्वीट... सो पर्व्हर्स' कॅरोल बेकरच्या चाहत्यांनी बघावा. पण जूलिओ क्वेस्तीचा 'डेथ लेड अॅन एग' (१९६८) मात्र पुन्हा पुन्हा बघण्यासारखा. यंत्रांवर चालणारा कोंबड्यांचा कारखाना, मालकीण जीना लोलोब्रिजिदा, तिचा नवरा मार्को म्हणजे त्रँतीन्याँ, घरात आलेली तरुण एवा आउलिन, आणि ब्रुनो मादेर्नाचं कानांवर ओरखडे काढणारं संगीत. प्रयोगशाळेत डोकं नसलेल्या, पंख नसलेल्या कोंबड्या पैदा होतात. जिवंत मांसाचे गोळे. इतरांना त्यात नफा दिसतो. मार्को ते बघतो आणि त्याच्या अंगावर प्रथमच काहीतरी उठतं. तोवर तासभर या माणसाने बायको, प्रेयसी, मोटेलमधले ते किळसवाणे खेळ, सगळं एकाच सपाट चेहऱ्याने केलेलं असतं, आणि आपण त्याला निर्जीव म्हणून मोकळे झालेलो असतो. मग तो त्या गोळ्यांवर तुटून पडतो. एवढ्या वेळ रोखून धरलेलं एकदम सुटतं तेव्हा त्याचं वजन कळतं. शेवटी तो स्वतःच खाद्य दळणाऱ्या यंत्रात जातो. या चित्रपटाला विचित्र, वेडा, भन्नाट अशी विशेषणं लावणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या नटाने तासभर काय राखून ठेवलं होतं, याबद्दल बोलणारा मला भेटलेला नाही.

आता त्या काळच्या थ्रिलरमधल्या इतर नटांशी तुलना टाळता येत नाही. मौरीत्सियो मेर्ली म्हणजे मिशा आणि ओरडा. तोमास मिलियन गुणी खरा, पण प्रत्येक दृश्यात आपण गुणी आहोत हे सिद्ध करायला उतावीळ. बेलमाँदो उड्या मारतो. जान मारिया वोलोन्ते मोठा नट, 'इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन'पुढे मी मान तुकवतो. पण तो भूमिका करता करता तिच्यावरचं भाष्यही करतो, आणि प्रेक्षकाला विचार करायला फार थोडं उरतं. राहता राहिला अलँ दलाँ. थ्रिलरमधल्या मौनाचा विषय निघाला की 'ल सामुराई' पुढे केला जातोच. दलाँचं मौन देखणं आहे यात वाद नाही. पण ते दाखवण्याचं मौन आहे. कॅमेरा आपल्याकडे बघतोय हे त्याला ठाऊक असतं आणि आपल्यालाही. त्रँतीन्याँचं मौन लपण्याचं आहे.

दोघं एकत्र आले झाक दरेच्या 'फ्लिक स्टोरी'त (१९७५). दलाँ पोलीस अधिकारी बॉर्निश, त्रँतीन्याँ एमिल ब्युइसाँ, ज्याचा १९५६ साली गिलोटिनवर शिरच्छेद झाला तो खराखुरा खुनी. निर्मितीही दलाँची, भूमिकाही मोठी त्याची. चित्रपट मात्र ब्युइसाँचा झाला. त्याचं टोपी घालणं, खोलीत शिरताना आधी बाहेर जायची वाट शोधणारी नजर, गोळी झाडल्यावर चेहऱ्यावर काहीच न उरणं. अटकेच्या प्रसंगी खानावळीत पियानो वाजतो आणि हा माणूस ऐकतो. ऐकण्याचा जो अभिनय गेली दहा वर्षं त्याने घोटला होता त्याचं इथे चीज झालं आहे. क्षणभर तो माणूस आपल्याला कळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला पकडलं जातं. दरेच्याच 'द आउटसाइड मॅन'मध्ये (१९७२) तो लॉस एंजलिसमध्ये खून करून अडकलेला फ्रेंच मारेकरी आहे. भाषा मोडकी, शहर परकं, आणि एका बाईला धमकावून तिच्या घरात आसरा घेतलेला. तिचा लहान मुलगा घरात आहे. मारेकऱ्याला कुठे बसावं हेच कळत नाही. त्या अवघडलेपणात जेवढी भीती आहे तेवढी अख्ख्या पाठलागात नाही.

ही सगळी शिदोरी जमेला धरून 'कन्फॉर्मिस्ट'चा (१९७०) जंगलातला प्रसंग पुन्हा बघा. फॅसिस्टांच्या मारेकऱ्यांनी त्यांचा विरोधक प्राध्यापक क्वाद्री याला भोसकून मारलं आहे. त्याची बायको आन्ना, म्हणजे दोमिनिक सांदा, धावत मागच्या गाडीकडे येते. काचेवर हात आपटते, किंचाळते. आत फॅसिस्टांचा हस्तक क्लेरिची बसला आहे, जो तिच्यावर भाळला होता. तो तिच्याकडे बघतो. काच खाली घेत नाही, दार उघडत नाही, डोळे मिटतही नाही. स्तोरारोच्या छायालेखनावर ग्रंथ लिहिले गेले, बेर्तोलुच्चीच्या राजकारणावर, मोराव्हियाच्या मूळ कादंबरीवर लिहिलं गेलं. पण हा प्रसंग उभा आहे तो काचेमागच्या एका चेहऱ्यावर, आणि तो चेहरा काही बेर्तोलुच्चीने घडवला नव्हता. कोर्बुच्चीच्या बर्फात, क्वेस्तीच्या कोंबड्यांत, रोब-ग्रियेच्या खोट्यात तो आधीच घडला होता. बेर्तोलुच्चीने तो निवडला, ही त्याची थोरवी. क्लेरिचीने तिथे एक अश्रू ढाळला असता, ओठ चावला असता, तरी आपण त्याला माफ केलं असतं आणि स्वतःलाही. त्रँतीन्याँने ती सोय ठेवली नाही.

'झेड'चंही (१९६९) तसंच. चित्रपट निम्मा झाल्यावर हा न्यायाधीश येतो. रंगीत काचांचा चष्मा, कोरडा आवाज, सरकारी माणूस. शेवटाकडे एकामागून एक वरिष्ठ अधिकारी त्याच्या खोलीत येतात, पदकं मिरवत, आरडाओरडा करत. हा प्रत्येकाला त्याच सुरात नाव आणि हुद्दा विचारतो, टंकलेखनयंत्र खडखडतं, आरोप ठेवला जातो. बाहेर पडताना प्रत्येक जण आधी बंद दाराशी झटतो आणि मग पत्रकारांच्या तोंडी सापडतो. न्यायाधीशाचा सूर एकदाही चढत नाही. विजयाचा लवलेश नाही. कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळवून देणारं हे काम बघून 'किती संयत' म्हणणारे तेच लोक, वर्षभर आधीचा तोच संयम वेस्टर्नमध्ये दिसला की त्याला लाकडी म्हणतात. हा दुटप्पीपणा कितीही वेळा बघितला तरी मला पचत नाही. परीक्षकांनी न्यायाधीशाला गौरवलं ते योग्यच केलं. पण नटाने जे कमावलं ते कुठे कमावलं, हे विचारायचंच नाही का?

मला असं दिसतं, की थ्रिलरकडे आपण कोडं म्हणून बघतो, खुनी कोण एवढ्यापुरतं, आणि म्हणून त्यातला अभिनय आपल्याला दुय्यम वाटतो. प्रत्यक्षात चांगल्या थ्रिलरचा विषय माहिती असूनही गप्प राहणं हा असतो. कुणाला काय ठाऊक होतं आणि त्याने काय केलं नाही. विसाव्या शतकातल्या युरोपला याहून जवळचा विषय नव्हता; व्याप्त फ्रान्स, फॅसिस्ट इटली, कर्नलांचा ग्रीस, सगळीकडे हाच प्रश्न. अशा विषयासाठी भावना उघड्या करणारा नट कुचकामाचा. माहिती असलेला पण न सांगणारा माणूसच लागतो, आणि त्रँतीन्याँ पन्नास वर्षं तोच माणूस होत राहिला. 'कॉन्फिडेन्शियली युवर्स'मध्ये (१९८३) ऑफिसच्या मागच्या खोलीत लपून खिडकीतून दिसणारे बायकांचे पाय बघणारा, 'रेड'मध्ये (१९९४) शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा न्यायाधीश. किसलोव्हस्कीच्या त्या न्यायाधीशाला जे 'आध्यात्मिक' म्हणतात त्यांनी त्याचा उगम थ्रिलरमध्ये शोधावा. चोरून ऐकणारा तो म्हातारा थेट तिथून आलेला आहे.

आजच्या मालिका-थ्रिलरमध्ये याच्या नेमकं उलट चाललेलं दिसतं. प्रत्येक संशयित पहिल्याच भागात डोळ्यांनी कबुली देतो, प्रत्येक पोलीस अधिकारी आपल्या जखमा मिरवतो, कॅमेरा नाकाला टेकतो आणि खालून संगीत सांगत राहतं की आता घाबरा, आता हळवे व्हा. याला सखोल अभिनय म्हणून गौरवलं जातं. ज्या परंपरेचा वारसा सांगून या मालिका विकल्या जातात तिने हे कधी केलं नव्हतं, निदान तिच्या सर्वोत्तम नटाने तरी नाही.

म्हणून महोत्सवांकडे आणि फिल्म सोसायट्यांकडे माझं मागणं आहे. त्रँतीन्याँवर पुढचा विभाग कराल तेव्हा 'आमूर' आणि 'अ मॅन अँड अ वुमन' खुशाल ठेवा, पण 'द ग्रेट सायलेन्स' आणि 'कन्फॉर्मिस्ट' लागोपाठच्या खेळांना लावा. कोर्बुच्चीच्या चित्रपटाचा बाजारासाठी वेगळा चित्रित केलेला सुखान्तही डिस्कवर मिळतो, तोही दाखवा. मेला असं समजलेला शेरीफ ऐनवेळी परततो, लोको मरतो, सायलेन्स वाचतो आणि शेरीफचा मदतनीस होतो. तीच दृश्यं, तोच नट, तेच कपडे, आणि तरी नायक साधा नेमबाज होऊन जातो. मूळ शेवटात सायलेन्स जखमी हातानिशी त्या सलूनसमोर येऊन उभा राहतो, मारला जातो, पोलीन मारली जाते, ओलीस धरलेली माणसं मारली जातात, आणि तो तिथे का आला याचं उत्तर त्याचा चेहरा शेवटपर्यंत देत नाही. हे दोन शेवट एकाच संध्याकाळी शेजारी-शेजारी बघावेत, आणि त्यानंतरही ज्यांना तो लाकडी वाटेल त्यांनी माझ्याशी जरूर वाद घालावा.